जुन्याला लाल, नव्याला पांढरी

गंगापूर रोड, नाशिक
६ ऑक्टोबर

ती. आईंना योगिनीचा नमस्कार.

पोचले. खोली बरी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, दुसरं काही दिसत नाही, त्यामुळे अभ्यासाला उत्तम. घरमालकीण इंदिराकाकू एकट्या असतात आणि गरजेपुरतंच बोलतात. आपल्या घरातून आल्यावर मला दोन दिवस वाटत होतं की त्या रागावल्या आहेत.

घोटीच्या स्टँडवर तुम्ही चारचौघांत विचारलंत, "सून घर टाकून शिकायला चालली, आता नातवंडांनी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?" बस लागली होती म्हणून तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

शॉर्टहँडची शंभरच्या वेगाची परीक्षा मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा घरून रोज बसने ये-जा करून. दुसऱ्या वेळी काय झालं ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. उतारा धरणाच्या पाण्यावरचा होता. सांगणारा सांगत होता, मी खुणा काढत होते. नंतर टाईप करायला बसले तर 'कालव्यांची दुरुस्ती रखडली' असं असायला हवं तिथे माझ्या वहीत होतं 'गॅसची टाकी संपली'. व्यवस्थित, शुद्ध शॉर्टहँडमध्ये.

आमच्या क्लासचे शामसुंदर सर हे ऐकून हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचा हात चांगला आहे, कानही चांगला आहे. पण बोलणारा पुढे असतो आणि हात मागे. मधले चार-सहा शब्द डोक्यात उभे राहतात. त्यांना उभं राहायला जागा लागते. तुमच्या डोक्यात दारापर्यंत पोती रचलेली आहेत."

खरं आहे ते. आपल्या दुकानातून कुठल्या घरी जुना तांदूळ जातो आणि कुठल्या घरी नवा, वेदिकाची फी, रोहितचा कंपास, आपल्या भातगिरणीवरच्या माणसांचा चहा, तुमचा चष्मा. तुमचे चिरंजीव तर स्वतःचे मोजे कुठे आहेत हेसुद्धा मला दुकानातून फोन करून विचारतात. म्हणून फोन घरीच ठेवून आले आहे. तुमच्या देवघराच्या फळीवर आहे. वाजला की तुम्ही घ्या. खरोखर घर पेटलं तर इंदिराकाकूंचा नंबर वेदिकाकडे आहे. एरवी पत्र लिहा. नाथा तांदळाचा टेम्पो घेऊन नाशकात येतोच, तो आणून देईल.

पुढच्या वर्षी मी नोकरीच्या वयाच्या अटीबाहेर जाते. डिसेंबरची परीक्षा पास झाले तर कोर्टातल्या लघुलेखकाच्या जागेसाठी अर्ज करता येईल. नाही झाले तर घरी येऊन आयुष्यभर तुमचा चष्मा शोधीन. पण तोवर मला कुणी काही विचारायचं नाही. विचारलंत तरी उत्तर येणार नाही.

तुमची
योगिनी

घोटी
८ ऑक्टोबर

चि. योगिनीस तानुबाईकडून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चष्मा वेदिकानं शोधून दिला तेव्हा वाचलं. मी सातवी पास आहे, तेव्हा मला अक्षर लावून वाचता येतं आणि अक्षरामागचा रागही वाचता येतो.

आम्हीही घरं चालवली. सासू, तीन दीर, गोठा, गिरणी. आमच्या डोक्यात नव्हती का पोती? आम्ही नाही कधी म्हटलं की डोक्यात जागा नाही, मी निघाले नाशिकला. बायकांचं डोकं देवानं त्यासाठीच दिलंय असं आमची सासू म्हणायची, आणि ती काही खुळी नव्हती.

तुझा फोन दिवसभर कोकलतो. काल मी देवाला फूल वाहिलं आणि देवाच्या आधी तोच बोलला. गॅसवाला काहीतरी नंबर मागत होता. मी म्हटलं, माझ्याकडं नंबर नाय, सिलिंडर टाकायचा तर टाक.

आता सांग. हरभऱ्याच्या डाळीचा डबा कुठंय? दूधवाल्यानं दोन दिवस खाडा केला तो कुठं लिहायचा? रोहितला वर्गात टोपी घालून जायचा दिवस कोणता? गिरणीतल्या झुंबरला चहात साखर चालते का नाही? आणि वणीला देवीची ओटी आपण अष्टमीला भरतो की नवमीला? निदान एवढ्याचं तरी उत्तर दे, देवीचं काम आहे.

तानुबाई

गंगापूर रोड, नाशिक
१० ऑक्टोबर

ती. आईंना नमस्कार.

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. म्हणूनच एकही देणार नाही. एकाचं दिलं की पुढच्या टेम्पोनं दहा येतील, आणि टेम्पो यायच्या आधीच मी ते दहा कोणते असतील याचा विचार करत बसेन. मला माझी सवय माहीत आहे.

ओटीचं मात्र नवल वाटलं. लग्नानंतर पहिल्या नवरात्रात तुम्हीच मला वणीला नेलंत आणि गडाच्या पायऱ्यांवर सांगितलंत, "आपली ओटी कधी ते ध्यानात ठेव, आता हे तुझं काम." त्याआधी इतकी वर्षं ते तुमच्या डोक्यात होतंच ना? ते कुठे जाणार आहे? जरा आत शोधा, डाळीच्या डब्यामागे असेल.

इथे मी सकाळी उठून फक्त एक उतारा घेते. सर नवा उतारा देत नाहीत. तोच पुन्हा, तोच पुन्हा, हात विचारायचा बंद होईपर्यंत. आधी मला अपमान वाटला. मी बी.ए. झालेली बाई, पहिलीतल्या पोरासारखी एकच पान गिरवतेय. पण आता नेहमीच्या शब्दांच्या खुणा हात आपसूक काढतो आणि डोकं मोकळं राहून पुढचं ऐकतं. एका वेळी एकच गोष्ट शिकायची, ती मुरली की दुसरी. मला सोळा वर्षांत एका वेळी एकच गोष्ट करायची परवानगी कधी मिळाली होती ते आठवत नाही.

फराळ करायला येणार नाही. लक्ष्मीपूजनाला येईन, भाऊबीज झाली की परत. आणि चकल्या विकत आणल्यात तर मी नावं ठेवणार नाही.

योगिनी

घोटी
६ नोव्हेंबर

चि. योगिनीस,

तू दिवाळीला आलीस आणि पाहुणीसारखी बसलीस. चहा पुढं आला तर घेतलास. तेल संपलंय हे तुला दिसत होतं, मी तुझ्या डोळ्यांकडं बघत होते, तरी तू तोंड उघडलं नाहीस. आत्याबाई मला म्हणाल्या, "तानू, तुझी सून लय बदलली गं." मी म्हटलं, हाय खरं. लाज वाटली मला. मग तू गेल्यावर राग आला, आणि तो अजून आहे.

रविराज दोन दिवस कुणाशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, बायकोनं शिकावं पण घर सांभाळून. मी त्याला काही म्हटलं नाही कारण हे वाक्य त्यानं माझ्याकडूनच उचललंय.

नवा तांदूळ यायला लागला. गिरणी दिवसभर चालते. कोंड्यानं अंगण भरलंय. तुळशीची लग्नं लागली की लोकांची लग्नं सुरू होतील, मग तर श्वास घ्यायला वेळ नाही.

तुला प्रश्न नको ना? नाही विचारत. या पत्रात एकही नाही आणि पुढंही नसेल. तुझा हट्ट तर माझाही हट्ट.

तानुबाई

गंगापूर रोड, नाशिक
२७ नोव्हेंबर

ती. आई,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. नाथा दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, "समदं बरं हाय." दुसऱ्यांदा पत्र नाही म्हणाला आणि माझ्याकडे न बघता टेम्पोचं टायर तपासत बसला. टायरला काही झालेलं नव्हतं.

तुमचे प्रश्न बंद झाले तर मला सुख व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आता उतारा घेताना मी मनात तुमच्या बाजूनं प्रश्न तयार करते. लग्नसराईचं काय चाललंय? सावळीरामकाकांच्या मुलीच्या लग्नाला कुठला तांदूळ गेला? यांनी बोलायला सुरुवात केली का? रोहितचा खोकला? तुम्ही माझं नावच टाकलंत का? वेग घसरून नव्वदवर आलाय. काल सरांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि फिरून या म्हणाले. मी गोदावरीपर्यंत चालत गेले आणि तिथेही हेच प्रश्न.

रागावला असाल तर रागावल्याचं पत्र लिहा. शिव्या घाला. पण गप्प राहू नका. घरी काय चाललंय?

योगिनी

घोटी
३० नोव्हेंबर

चि. योगिनी,

किती गं प्रश्न तुझे. वाचून हसू आलं. तुझाच नियम तुला सांगते, उत्तर मिळणार नाही.

घर उभं आहे. पोरं खातात, झोपतात, भांडतात. मी घरातली जुनी लुगडी फाडत बसते. कशासाठी ते विचारू नकोस. बाकी तुला कळून तिथं उपयोग नाही आणि न कळून इथं काही अडत नाही.

सावळीरामाच्या पोरीचं लग्न लागलं.

तुझी परीक्षा चौदा तारखेला. तोवर तू घोटी नावाचं गाव विसर. तुझ्या त्या सरांना सांग, पेन परत द्या म्हणावं.

तानुबाई

गंगापूर रोड, नाशिक
५ डिसेंबर

ती. आई,

नाथाला मी आज चहाला बसवलं आणि सांगितलं की खरं बोलल्याशिवाय टेम्पोची किल्ली मिळणार नाही. तो म्हणाला, "वहिनी, किल्ली घेन्याची घोटीकरांना लय सवय लागली." मग सगळं सांगितलं.

सावळीरामकाकांकडे मसालेभातासाठी जुन्याऐवजी नवा तांदूळ गेला. पंगतीत भाताचा गोळा झाला. वऱ्हाडी हसले. तुमचे चिरंजीव मला न्यायला निघाले होते. आणि तुम्ही टेम्पोची किल्ली काढून कनवटीला लावलीत.

एवढं घडलं आणि तुम्ही मला लिहिलंत, लग्न लागलं.

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. काका आपले किती वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांच्या घरी जुनाच जातो हे मला झोपेतही सांगता आलं असतं. इंदिराकाकूंना एक फोन करायचा होता. पण नियम मी केला होता, म्हणजे ही फजिती माझ्या नावावर पडणार, हे तुम्हाला माहीत होतं ना?

आणि दुसरा राग. नाथा म्हणतो, आता जुन्याच्या पोत्यांना लाल चिंधी आणि नव्याच्या पोत्यांना पांढरी. कोणत्या घराला कोणतं ते दुकानाच्या भिंतीवर खडूनं. परवा नवीन लागलेल्या माणसानं एकट्यानं सगळा माल बरोबर पोचवला. आई, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा. मला रडू आलं. जे मी सोळा वर्षं डोक्यात वागवलं, आजारपणात, बाळंतपणात, परीक्षेत, ते एका चिंधीनं केलं. मग माझं डोकं कशाला वापरलं सगळ्यांनी? मीही का वापरू दिलं?

याचं उत्तर मला हवंय. पण परीक्षेनंतर. आज वेग पंच्याण्णव आला. रागानं आला असेल.

योगिनी

घोटी
८ डिसेंबर

चि. योगिनी,

नाथाच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्याला डिझेलसुद्धा मोजून देते. आता कळलंच आहे तर पुरतं ऐक, म्हणजे अर्धवट गोष्ट तुझ्या डोक्यात फिरणार नाही.

सावळीराम दुसऱ्या दिवशी दुकानात आला. ओरडला नाही. म्हणाला, "तानुबाई, लोकांनी भात वाढायला उलथनं मागितलं वो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविराजनं तिथंच म्हटलं, ही योगिनीची चूक, आत्ताच्या आत्ता तिला घेऊन येतो. उठला आणि टेम्पोत बसला. मी गेले आणि किल्ली काढली. सगळी बाजारपेठ बघत होती.

मी त्याला विचारलं, "गिरनी कुनाची? तुझी. तांदूळ कुनी काढून दिला? तू. मग चूक तिची कशी?" तो म्हणाला, तिला माहीत असतं. मी म्हटलं, "तिला माहीत असतं म्हनून तू बघत नाय. उद्या ती मेली तर काय, दुकान बंद?" बोलून गेले. पण खरं होतं. तुझ्या सासऱ्यांच्या माघारी हे दुकान मीच बघत होते, तू आल्यावर सोडलं. कोठारात भरतो तसं सगळं तुझ्यात भरलं आणि कुलूप लावून आम्ही मोकळे झालो.

तुला का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू आली असतीस. तू नाही म्हणतेस, पण दिवाळीला तेलाच्या डब्याकडं बघताना तुझे डोळे मी बघितलेत. तू आली असतीस आणि पुन्हा गेली नसतीस.

मग मी माझं लाल लुगडं फाडलं आणि तुझ्या सासऱ्यांचं एक धोतर. सावळीरामाकडं सत्यनारायणाला स्वतः गेले, जुना तांदूळ नेला, चुलीपाशी बसून भात केला. मोकळा झाला. त्याच्या व्याह्यांना मी स्वतः वाढला आणि म्हटलं, हसा आता.

रविराज पोत्यांकडं बघून म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी म्हटलं, "चिंध्या भाराभर हायेत, पन एकेक धड हाय. उद्यापास्नं तूच बांधायच्या." तो बांधतो आता. तोंड वाकडं करून, पण बांधतो. मोजेही त्याला सापडतात.

उत्तर पाठवू नकोस. चौदा तारखेपर्यंत तुझं पत्र आलं तर फोडणार नाही.

तानुबाई

गंगापूर रोड, नाशिक
१५ डिसेंबर

ती. आई,

पास होईन. आधीच्या दोन्ही वेळी मी 'बघू, निकाल लागेल तेव्हा' म्हटलं होतं, तुम्हाला आठवत असेल. आमच्यात निकाल टाईप करतानाच कळतो. खुणा वाचता येतात किंवा येत नाहीत. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता आल्या.

उतारा ग्रामपंचायतीच्या करांवर होता, इतका कंटाळवाणा की सांगणाऱ्यालाही जांभई आली. मध्येच रस्त्यावरून बँड गेला. मुली दचकल्या, एकीनं खिडकीकडे पाहिलं. आणि मला, नेमकं तेव्हा, सावळीरामकाकांचा भात आठवला, उलथन्यासकट. वाटलं, झालं, बुडाले. पण तो विचार आला तसा निघून गेला. त्याचं उत्तर द्यायचं माझ्याकडे नव्हतं ना आता. तुम्ही देऊन टाकलं होतंत. जागा रिकामी होती आणि पुढचे शब्द येऊन तिथे उभे राहिले.

सर बाहेर भेटले. मी वही दाखवली. त्यांनी मधलं एक पान वाचलं आणि म्हणाले, "गॅसची टाकी कुठे दिसत नाही." त्यांचं हे एवढंच कौतुक.

शनिवारी येते. पण आधीच सांगते, मी येतेय, जुनी योगिनी येत नाहीये. फोन दुकानात ठेवायचा, तो दुकानाचा झाला. माझ्यासाठी नवीन घेईन आणि त्यावर मोज्यांची चौकशी होणार नाही. भिंतीवरचा खडू पुसायचा नाही. घरी काम करीन, भरपूर करीन, पण सगळ्यांच्या वतीनं लक्षात ठेवणार नाही. निकाल लागला की अर्ज, आणि नोकरी लागली की रोज नाशिक. तुमच्या चिरंजीवांना हे कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, किल्ली तुमच्याकडे आहे.

मी तुमच्यावर रागावले होते. अजून थोडी आहे. पण माझ्यासाठी आजवर कुणी भर बाजारात उभं राहिलं नव्हतं.

योगिनी

घोटी
१८ डिसेंबर

चि. योगिनी,

रविराजला तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, मोज्यांसकट. त्यानं हातातली चिंधी पोत्याला बांधून संपवली. मग म्हणाला, शनिवारी स्टँडवर मीच जातो. बघ, गाडी येईपर्यंत चिडलेला असेल, पण येईल.

आता एक प्रश्न. माझा हट्ट मोडून विचारतेय, कारण दुसरा इलाज नाही.

तू येणार म्हणून तुझ्या आवडीचा भात करायचा ठरवला. कोठीत गेले, लाल चिंधीच्या पोत्यात हात घातला आणि थांबले. तुला जुना आवडतो की नवा? मला सांगता येईना. रविराजला विचारलं, तो म्हणाला, घरात असतो तो. पोरांना विचारलं, त्यांनी एकमेकांकडं बघितलं. झुंबरला चहात साखर किती, हेसुद्धा आता घरात सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर अख्ख्या घोटीची आवड लिहिलीय. तुझी कुणालाच माहीत नाही. सोळा वर्षं तू आमच्यात जेवतेस.

त्याच पोत्यावर बसून हे पत्र लिहितेय. काय करू सांग.

तानुबाई

गंगापूर रोड, नाशिक
१९ डिसेंबर

आई,

नवा. मऊ, गिचका, वर तूप आणि मेतकूट. माहेरी आम्ही तोच खायचो. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, नवा तांदूळ पोटाला जड, या घरात कुणी खात नाही. तेव्हापासून मी जुना खाल्ला.

शनिवारी पांढऱ्या चिंधीचं पोतं सोडा, दुसऱ्या कुणाला आवडो न आवडो. आणि एवढी एक गोष्ट भिंतीवर लिहू नका, तिला चिंधीही बांधू नका. ही तुम्ही डोक्यात ठेवायची.

योगिनी